पाइप धरणाऱ्याचा डोळा

सोमवारी सकाळी सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागाबाहेरच्या बाकड्यावर एका डोळ्यावर रुमाल दाबून बसलेली दोन-तीन तरुण पोरे हमखास दिसतात. शनिवारी पगाराचा दिवस असतो, रविवारी ग्रिलचे किंवा शेडचे राहिलेले काम उरकलेले असते आणि डोळ्यात 'काहीतरी गेले' त्याला चोवीस तास उलटून गेलेले असतात. विचारले की उत्तर ठरलेले : 'कटिंग चालू होते. मी कापत नव्हतो, नुसता पाइप धरला होता.'

केस पेपरवर यातले फारसे काही उतरत नाही. व्यवसाय फॅब्रिकेशन, तक्रार डोळ्यात कण, एवढेच लिहिले जाते. पाइप धरला होता की मशीन चालवत होता, याने उपचारात फरक पडत नाही, म्हणून ते कोणी लिहीत नाही. पण असे अपघात टाळायचे असतील तर नेमकी तीच गोष्ट महत्त्वाची आहे. मशीनचा दांडा ज्याच्या हातात असतो त्याच्या आणि चकतीच्या मध्ये निदान एक पत्र्याचे गार्ड असते. ठिणग्यांचा झोत त्याच्यापासून दूर, मशीनच्या मागे जातो. दुकानात एकच गॉगल असेल तर तोही त्याच्याच डोळ्यांवर असतो. मागच्या शटरवर, भिंतीवर आपटून जे उसळते ते हेल्परच्या वाट्याला येते. हातातल्या ग्राइंडरने कापताना तर कारागीर ठिणग्या स्वतःच्या अंगावर येणार नाहीत असाच ग्राइंडर धरतो, आणि समोर जॉब धरून बसलेला असतो अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा.

अशा वेळी सल्ला एकच दिला जातो : गॉगल वापरा. सल्ला बरोबरच आहे, पण अपुरा आहे. कीस आधी मशीनपाशी अडवायचा आणि त्यातूनही जो सुटेल त्याच्यासाठी गॉगल, असा क्रम हवा. आपल्याकडे पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर उडी मारली जाते आणि तीही एकाच माणसासाठी.

कापताना धातू कुठे जातो, हे समजून घेतले तर हा क्रम आपोआप पटतो. करवतीने किंवा चकतीने धातू दुभंगतो तेव्हा चिरेच्या रुंदीइतका धातू सुटा होतो. शाळेत कागदावर पसरून खालून चुंबक फिरवलेला लोहकीस आठवावा. तसाच हा, फक्त तापलेला आणि वेगात असलेला. रस्त्याकडेच्या दुकानातल्या कट-ऑफ मशीनची चकती साधारण ३५५ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे चौदा इंची असते आणि मिनिटाला सुमारे ३,८०० फेरे घेते. हिशेब केला तर चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला सत्तर मीटर, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर भरतो. हातातला चार इंची ग्राइंडर लहान दिसतो, पण त्याचे फेरे मिनिटाला ११,००० च्या आसपास असल्याने त्याच्या कडेचा वेगही ताशी दोनशेच्या घरात जातो. कार्बाइडचे दात बसवलेली, लोखंड कोरडे कापणारी गोल करवत मिनिटाला १,३०० ते १,५०० फेरे घेते. तिच्या दाताचा वेग ताशी नव्वद ते शंभर किलोमीटर असतो. आणि बँडसॉ? साधे लोखंड कापताना तिचे पाते मिनिटाला साठेक मीटर सरकते. म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटर, माणूस रमतगमत चालतो तितका वेग.

सुटा झालेला कण साधारण त्याच वेगाने निघतो. अगदी बारीक धूळ हवेच्या विरोधाने मीटर-दोन मीटरमध्ये मंदावते. थोडा मोठा कण मात्र पुढे जातो, आपटतो, उसळतो. बँडसॉचा कीस पात्याच्या दातांत बसून खाली येतो आणि तिथेच पडतो. कूलंट चालू असेल तर त्याच्याबरोबर वाहत ट्रेमध्ये जाऊन बसतो. हातकरवतीचा कीस तर व्हाइसच्या पायाशी नीट ढीग करून पडलेला असतो. काम तेच, पाइपही तोच. तरी एका यंत्राचा कीस झाडूने गोळा करता येतो आणि दुसऱ्याचा समोरच्या माणसाच्या अंगावर येतो. रोज शंभर तुकडे कापणाऱ्या दुकानाने पुढचे मशीन घेताना किंमत आणि वेग यांच्याबरोबर एवढी एक बाब विचारात घेतली, तर तिथल्या हेल्परच्या डोळ्यांसाठी तो मोठाच निर्णय ठरेल. बँडसॉ महाग पडते, वेळ घेते, हे खरे. पण तिची चीर सरळ येते, चकत्यांचा रोजचा खर्च वाचतो आणि शेजारी कावत नाहीत.

ठिणगीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ठिणगी म्हणजे नुसता उजेड नाही. तो पोलादाचाच कण असतो, हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन जळत असलेला. अॅल्युमिनियम कापताना अशी ठिणगी दिसत नाही, म्हणून त्याची कोणाला भीतीच वाटत नाही. पण स्लायडिंग खिडक्यांचे सेक्शन कापणारी दहा इंची करवतही दातांच्या टोकाशी ताशी दोनशेच्या आसपास जाते. तिचा चकचकीत कीस न जळता, न दिसता उडतो आणि खोलीभर पसरतो.

आता अडवायचे कसे? पहिली गोष्ट फुकट आहे. कट-ऑफ मशीनच्या मागे, चकतीच्या खालच्या बाजूला ठिणग्यांचा झोत जमिनीकडे वळवणारी छोटी पट्टी असते. कित्येक दुकानांत ती निघून पडलेली असते किंवा पहिल्या दिवसापासून वर उचललेली. ती खाली करून घट्ट करायला एक पाना लागतो. तसेच वरचे सरकते गार्ड. ते तारेने बांधून कायमचे उघडे ठेवण्याची पद्धत इतकी रुळली आहे की नव्या पोराला ते मशीनचाच भाग वाटते. खूण नीट दिसत नाही म्हणून तार बांधली, असे कारण सांगितले जाते. खूण दिसण्यासाठी दिवा लावता येतो.

दुसरी गोष्ट दुकानातल्याच भंगारातून होते. मशीनच्या मागे तीन बाजू आणि वर झाकण असलेला पत्र्याचा खोका करावा. तोंड मशीनकडे, तळ किंचित उतरता. जुने लोखंडी पिंप उभे चिरून त्याचा अर्धा भाग मागे ठेवला तरी चालते. मात्र ते पिंप तेलाचे, थिनरचे किंवा कुठल्याही पेटणाऱ्या द्रवाचे नसावे. रिकाम्या दिसणाऱ्या पिंपातली वाफही ते कापताना स्फोटाला पुरते. खोक्याच्या तळाशी वाळूचा थर द्यावा, म्हणजे गरम कण तिथे रुततात, उसळत नाहीत. मागची बाजू सपाट न ठेवता तिरकी ठेवली की आपटलेला कीस परत तोंडाकडे न येता खाली वळतो. फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्याला असा खोका करायला एक दुपार लागते. गिऱ्हाइकाला सुबक गेट करून देणाऱ्या दुकानात स्वतःच्या मशीनमागे दोन पत्रे नसावेत, याचे नवल वाटते.

बाजूला पडदा हवा. तो जाड कॅनव्हासचा किंवा वेल्डिंगसाठी मिळणाऱ्या, न पेटणाऱ्या कापडाचा असावा. निळी-पिवळी प्लॅस्टिकची ताडपत्री चालत नाही. तिला ठिणगीने भोके पडतात आणि ती पेटते. ओले गोणपाट लटकवण्याची जुनी युक्तीही धोक्याची आहे. तासाभरात गोणपाट वाळते आणि आत कुठेतरी धुमसत राहते. दुकान बंद करून सगळे घरी गेल्यावर लागणाऱ्या आगीमागे अशी संध्याकाळची धुमसती ठिणगी असू शकते. सुतारकाम आणि लोखंडकाम एकाच शेडमध्ये चालते तिथे हा धोका दुप्पट. लाकडाचा भुसा ओढणाऱ्या व्हॅक्युमने गरम लोखंडी कीस ओढायचा म्हणजे पिशवीत निखारा टाकण्यासारखेच आहे.

अॅल्युमिनियमचा कीस आणि लोखंडाचा कीस एकाच ठिकाणी साठवू नये. अॅल्युमिनियमची बारीक पूड आणि लोखंडाचा गंज यांचे मिश्रण पेटले तर भयंकर उष्णता निर्माण होते. रेल्वेचे रूळ जोडण्यासाठी हीच रासायनिक क्रिया मुद्दाम घडवली जाते. बारीक पूड पाण्याशी आली तर हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून अॅल्युमिनियमच्या धुळीसाठी पाण्याचा ट्रे योग्य नाही. ते कापायला दातांची करवत वापरावी आणि पात्याला अधूनमधून मेणाची कांडी लावावी. त्याने कीस पात्याला चिकटून बसत नाही आणि चीर स्वच्छ येते.

जॉब व्हाइसमध्ये पक्का आवळणे हाही कीस आवरण्याचाच भाग आहे. हाताने किंवा पायाने दाबून धरलेला पातळ पाइप थरथरतो, दात अडकतो, कार्बाइडचा तुकडा उडतो. तो किसापेक्षा जड आणि धारदार असतो. लांब पाइपच्या दुसऱ्या टोकाला माणूस उभा करण्याऐवजी त्याच उंचीचे घोडे ठेवले की पाइप धरणाऱ्याची गरजच उरत नाही. सगळ्यांत खात्रीने वाचणारा डोळा तोच, जो तिथे नसतो. चकत्यांच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते. पावसाळ्यात दमट कोपऱ्यात पडून राहिलेली किंवा मुदत संपलेली चकती काटकसर म्हणून लावू नये.

मशीन थांबले म्हणजे धोका टळला, असे नसते. डोळ्यात जाणारे बरेच कण काम संपल्यावर जातात. मशीनवर साठलेला कीस उडवायला लोक तोंडाने फुंकर मारतात. तो उडून पहिल्यांदा फुंकणाऱ्याच्याच डोळ्यात जातो. कॉम्प्रेसरची हवा त्याहून वाईट. ती कीस दुकानभर फेकते आणि जवळून अंगावर मारली तर हवा आणि कण कातडीखाली शिरू शकतात. दिवसअखेर कपडे झटकायला एकमेकांच्या अंगावर हवेचा पाइप मारायचा खेळ बंदच व्हायला हवा. किसासाठी साधा ब्रश आणि सूप पुरते. लांब, वळलेल्या चिपा ओढायला आकडा वापरावा, बोटे नव्हे. लोखंडी कीस गोळा करायला भंगारातल्या स्पीकरचे चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवावे. मग पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढले की कीस पिशवीतच राहतो. अॅल्युमिनियम आणि पितळ याला चिकटत नाहीत, भांड्यांचे स्टेनलेस स्टीलही फारसे नाही. तिथे ब्रशच.

गॉगलबद्दल थोडे. नंबरचा साधा चष्मा म्हणजे सुरक्षा नव्हे. त्याच्या बाजू उघड्या असतात आणि काच फुटली तर तीच डोळ्यात जाते. बाजूने बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा चष्मा हवा आणि चकतीने कापताना त्यावर पूर्ण चेहऱ्याची ढाल हवी. हा चष्मा घामाने धुरकट होतो, ओरखड्यांनी आंधळा होतो आणि मग कपाळावर चढतो. कोकणात किंवा मुंबईच्या मे महिन्यात तो दिवसभर लावून दाखवावा, असे कामगार म्हणतात आणि ते खोटे नाही. म्हणूनच सगळा भार चष्म्यावर टाकता येत नाही. शिवाय चष्म्याच्या वरच्या कडेवर, भुवयांवर, केसांत कीस बसलेला असतो. चष्मा खसकन ओढला की तो खाली येतो. मान पुढे वाकवून, डोळे मिटून, मागून पट्टा काढत चष्मा उतरवावा. गळ्यातल्या टॉवेलने घाम पुसायचा असेल तर टॉवेल कामाच्या जागेपासून दूर टांगलेला असावा. चहाचे ग्लासही तिथे नकोत. ज्या कपड्यांत काम केले ते तसेच घालून लहान मुलाला उचलून घेऊ नये.

हे सगळे दुकानापुरतेच राहत नाही. नव्या फ्लॅटमध्ये खिडक्या बसवणारा हॉलमध्येच करवत मांडतो, ग्रिलवाला जिन्यात ग्राइंडर चालवतो, गणेशोत्सवाच्या आधी मंडपाचे सांगाडे भर रस्त्यात कापले जातात. दुचाकीवरून जाणाऱ्याच्या डोळ्यात जाणाऱ्या ठिणगीला कोणाचाच गॉगल आड येत नाही. घरमालकाला दोन गोष्टी हक्काने सांगता येतात : कापायचे काम गच्चीवर किंवा मोकळ्या कोपऱ्यात, मागे पत्रा लावून करा आणि काम होईपर्यंत मुले त्या खोलीत येणार नाहीत. नंतर ओल्या फडक्याने फरशी पुसून घ्यावी आणि ते फडके फेकून द्यावे. अॅल्युमिनियमचा कीस सतरंजीत, पायपुसण्यात आठवडाभर राहतो. ज्यांना मधुमेहामुळे तळपायाला संवेदना कमी आहे, त्यांनी अशा घरात काही दिवस अनवाणी फिरू नये. पायात रुतलेला कण त्यांना कळत नाही, नंतर चिघळलेली जखमच कळते.

एवढे करूनही कण डोळ्यात गेलाच तर?

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला नेत्रपटल म्हणतात, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. शरीरात वेदना जाणणारी मज्जातंतूंची टोके जिथे अत्यंत दाट असतात, त्या जागांपैकी ही एक. गरम कण तिथे बसला की क्षणभर चटका बसतो. डोळ्याला पाणी येते, माणूस दोनदा डोळा चोळतो आणि पुन्हा कामाला लागतो. चोळल्याने कण खोल जातो. रात्री जेवण झाल्यावर डोळा ठणकू लागतो, उजेड सहन होत नाही, पापणी मिटली की वाळू टोचल्यासारखे होते. दरम्यान त्या लोखंडाने आपले काम सुरू केलेले असते. अश्रूंच्या ओलाव्यात ते काही तासांतच गंजू लागते आणि कणाभोवती तांबूस कडे धरते.

अशा वेळी दुकानात एक 'काढणारा' असतोच. रुमालाचे टोक, आगपेटीची काडी, कधी सुई, कधी ब्लेडचा कोपरा घेऊन तो सरसावतो. हात थरथरला तर नेत्रपटलावर कायमचा पांढरा डाग राहतो, कधी ते आरपार छेदले जाते. घरी गुलाबपाणी, मध, क्वचित आईचे दूध घातले जाते. पदराचा बोळा करून, त्यावर गरम फुंकर मारून डोळ्याला शेक देण्याची आजीची माया खरी आहे, पण रुतलेल्या लोखंडावर तो दाब नको.

डोळ्यात काही गेले तर आधी हात धुवावेत आणि स्वच्छ पाण्याची हलकी धार सोडत पापण्यांची उघडझाप करावी. सुटा कण त्याने निघून जातो. पाणी मारूनही टोचणे राहिले तर दवाखाना गाठावा, त्याच दिवशी. तिथे डोळा बधिर करणारा थेंब घालून, स्लिट लॅम्प नावाच्या सूक्ष्मदर्शकाखाली कण काढतात. काही मिनिटांचे काम असते. तो बधिर करणारा थेंब घालताच वेदना जादूसारखी जाते, म्हणून काही जण तीच बाटली बाहेरून मिळवून खिशात ठेवतात आणि दुखले की घालतात. हे अतिशय घातक आहे. वारंवार वापरल्यास त्या थेंबाने जखम भरणे थांबते आणि नेत्रपटल विरघळत जाऊ शकते. औषध दुकानातून 'लाल डोळ्यासाठी' मागून घेतलेल्या थेंबात स्टेरॉइड असेल तर लाली कमी होते आणि खाली जंतूंचा किंवा बुरशीचा व्रण वाढत राहतो.

काही लक्षणे दिसली तर पाण्याची धारही सोडू नये. दृष्टी अंधुक झाली, बाहुली गोल न राहता एका बाजूला ओढल्यासारखी दिसली, डोळ्यात रक्त उतरले, डोळ्यातून घट्टसर पाणी आले, किंवा चकती फुटून, छिन्नी-हातोडा मारताना तुकडा उडून जोरात काही लागले असेल, तर कण डोळ्याच्या आत शिरला आहे असेच समजावे. डोळा दाबू नये, कापूस ठेवू नये. कागदी कपाचा तळ उपडा ठेवून चिकटपट्टीने कपाळाला आणि गालाला चिकटवावा, खायला-प्यायला काही देऊ नये, कारण शस्त्रक्रिया लागू शकते, आणि थेट मोठ्या रुग्णालयात जावे. धनुर्वाताची लस कधी घेतली, तेही सांगावे.

सगळ्यांत फसवा कण मात्र तो, जो आत शिरतो आणि दुखत नाही. अतिशय वेगाने आलेला बारीक तुकडा इतकी लहान जखम करून आत जातो की ती आपोआप मिटते. दोन दिवस डोळा लाल राहतो, मग सगळे ठीक. लोखंड आत हळूहळू विरघळत असते. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, त्या डोळ्याला रात्रीचे कमी दिसू लागते, बाहुली मोठीच राहते, बुबुळाचा रंग बदलतो, मोतीबिंदू होतो. दृष्टिपटलाचे असे नुकसान भरून येत नाही. शुद्ध तांबे आत गेले तर प्रतिक्रिया याहून तीव्र आणि लवकर येते. म्हणून 'वेगाने काहीतरी लागले होते' हे वाक्य डॉक्टरांना सांगणे फार गरजेचे आहे. ते कळले तर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करून कण शोधता येतो.

एमआरआय मात्र नाही. त्या यंत्रातले प्रचंड चुंबक डोळ्यातला लोखंडी कण हलवते. डोळ्यात नकळत राहिलेल्या लोखंडी कणामुळे एमआरआयनंतर एका डोळ्याची दृष्टी गेल्याची घटना १९८६ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. तेव्हापासून तपासणीआधीच्या फॉर्मवर 'धातूचे काम कधी केले आहे का' हा प्रश्न असतो. पाठदुखीसाठी एमआरआयला आलेला पन्नाशीचा माणूस विशीत हेल्पर होता, हे घरच्यांना आठवतही नसते आणि फॉर्मवर घाईने 'नाही' लिहिले जाते. चुंबकाची दुसरी बाजूही आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वित्झर्लंडमधल्या मारी कोलिने यांनी डोळ्यात रुतलेला पोलादाचा कण चुंबकाने काढला आणि त्यांच्या शल्यचिकित्सक नवऱ्याने ते श्रेय त्यांना देऊन लिहून ठेवले. १८७९ मध्ये बर्लिनच्या युलियुस हिर्शबर्ग यांनी विद्युतचुंबक वापरून डोळ्याच्या आतला कण काढला. आजही नेत्रशल्यचिकित्सकाच्या हाती त्यासाठी बारीक चुंबक असते. मात्र ते योग्य जागी, योग्य दिशेने वापरायचे असते. दुकानातले स्पीकरचे चुंबक डोळ्याजवळ नेऊ नये.

कायद्याने हे सारे आधीच ओळखले होते. १९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणाबद्दल होते. ज्या कामात कण उडून डोळ्याला इजा होऊ शकते, तिथे परिणामकारक आडोसे किंवा योग्य गॉगल पुरवणे राज्य सरकार नियमाने बंधनकारक करू शकते, असे त्यात म्हटले होते. त्यात आडोशाचा उल्लेख आधी होता, गॉगलचा नंतर. आणि हे संरक्षण काम करणाऱ्याइतकेच त्याच्या अगदी जवळपास असणाऱ्यांनाही लागू होते. पाइप धरणारा मुलगा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

तो फक्त कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही. १९४८ च्या कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणासाठी ही मर्यादा दहा कामगारांची होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत ती वीस झाली. गल्लीतल्या दुकानात मालक, एक कारागीर आणि एक हेल्पर. तिथे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा निरीक्षक येत नाही आणि येण्याची अपेक्षाही धरता येत नाही. पण पालिका दुकानाला परवाना देते, आयटीआय मुलांना प्रमाणपत्र देते, चकत्या विकणारा दुकानदार रोज याच लोकांना भेटतो. परवान्याच्या अटींत मशीनमागच्या पत्र्याच्या खोक्याची एक ओळ घालायला नवा कायदा लागत नाही. वेल्डरच्या अभ्यासक्रमात खोका करणे हेच एक प्रात्यक्षिक ठेवले, तर दरवर्षी कित्येक खोके नुसत्या परीक्षेतच तयार होतील.

बाकड्यावरच्या मुलाचा कण सोमवारी निघतो. गंजाचे कडे मात्र बऱ्याचदा पहिल्या दिवशी पूर्ण निघत नाही. एक-दोन दिवसांत ते सैल होते, मग उरलेले खरवडून काढायचे असते. म्हणून केस पेपरवर बुधवारी परत या, असे लिहिले जाते. सोमवारचा खाडा झालेलाच असतो. बुधवारचा दुसरा. डोळा आता दुखत नाही आणि मालकाचा फोन दोनदा येऊन गेलेला असतो. बुधवारी यातले काही जण येतात. न आलेल्यांच्या डोळ्यात ते तांबूस कडे तसेच राहते, बाहुलीच्या समोर असेल तर दृष्टीच्या वाटेवर. कापणाऱ्या मालकाने त्या दिवशीचा रोज कापला नाही, एवढे जरी झाले तरी बुधवारच्या रांगेत आणखी काही जण दिसतील.